बिनवळणाचा पायलट

मी पंचवीसेक वर्षं पायलट आहे आणि या सगळ्या काळात मला एकदाही वळावं लागलेलं नाही.

कारण मी रेल्वेतला पायलट आहे. पूर्वी आम्हाला ड्रायव्हर म्हणत. मग वरच्या कुणा भल्या माणसाला वाटलं की ड्रायव्हर हा शब्द फार साधा आहे, म्हणून एका सकाळी उठलो तर आम्ही सगळे 'लोको पायलट' झालो होतो. इंजिन तेच, डब्यातली पोळीभाजी तीच, डोळ्यांत जाणारी धूळही तीच. फक्त नाव तेवढं उडायला लागलं. काम काय, तर हॉर्न द्यायचा, वेग वाढवायचा आणि ब्रेक लावायचा. डावीकडे, उजवीकडे हा विभाग पूर्णपणे रुळांकडे. त्यामुळे मी आयुष्यात सायकलसुद्धा धड वळवलेली नाही. घरी स्कुटी आहे, ती बायको चालवते. मी मागे बसतो आणि सिग्नल हिरवा झाला की सांगतो.

ही बायको, वंदना, बँकेत ऑफिसर आहे. तिची नागपूरहून जयपूरला बदली झाली, तेव्हा मीही अदलाबदलीत बदली करून घेतली. जयपूरचा एक ड्रायव्हर नागपूरला यायला अक्षरशः तडफडत होता (त्याची सासुरवाडी जयपुरातच होती). आम्ही मानसरोवर नावाच्या वस्तीत घर भाड्याने घेतलं. मुलगी सायली गोपालपुऱ्याच्या एका क्लासला जाऊ लागली आणि दोन महिन्यांत 'पप्पा, मतलब, असं नाही ना होत' अशा मराठीत बोलू लागली.

समोरच्या घरात माथुर आंटी राहतात. आवाज एक नंबरच्या फलाटावरून सहा नंबरवर पोचेल असा, आणि मन त्याहून मोठं. आमचं सामान उतरत होतं, तेव्हाच त्या चहाची किटली घेऊन आल्या.

"भाईसाहब क्या करते हैं?" त्यांनी वंदनाला विचारलं.

"लोको पायलट हैं," वंदना म्हणाली. पण ती नेमकी 'लोको' म्हणत असताना टेम्पोवाल्याने आमचं गोदरेजी वजनाचं कपाट दाणकन खाली ठेवलं. आंटींच्या कानात गेला तो फक्त 'पायलट'!

पुढे कित्येक महिने आंटींचं आणि माझं रोज बोलणं व्हायचं आणि कुणालाच काही संशय आला नाही. आमचं आडनाव गजभिये. आंटींनी त्याचं पहिल्याच दिवशी 'गजभैया' करून टाकलं होतं.

"आज किधर, गजभैया जी?"

"दिल्ली."

"मौसम कैसा है?"

"कोहरा बहुत है जी. दो घंटे लेट तो होगी ही."

"कितनी बड़ी ज़िम्मेदारी है! इतने सारे लोग पीछे भरोसे पर बैठे रहते हैं."

"हाँ जी. हज़ार-बारह सौ तो होते ही हैं."

यावर त्या जरा चमकल्या. (विमानं आता फारच मोठी झाली आहेत, असं त्यांना वाटलं असणार.) मला मात्र भरून यायचं. रेल्वेबद्दल एवढी आस्था असणारी बाई मी नागपुरातही पाहिली नव्हती.

उलगडा झाला तो सव्वीस जानेवारीला. गल्लीतल्या पार्कमध्ये झेंडावंदन झालं, लाडू वाटले गेले आणि आंटींनी माइक हातात घेतला. "बच्चो, आज आपको वो अंकल मिलेंगे जो रोज़ आसमान में जाते हैं! हमारी गली की शान, गजभैया जी!"

मी आजूबाजूला पाहिलं. दुसरा कुणी गजभैया तिथे नव्हता.

मी माइकपाशी गेलो. पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या चिमुरडीने हात वर केला. "अंकल, हवाई जहाज मुड़ता कैसे है?"

मी घसा साफ केला. "बेटा, मैं रेल का पायलट हूँ. हमारे यहाँ पटरी मुड़ती है. हम बैठे रहते हैं."

आधी एक जण हसला, मग सगळी गल्ली हसली आणि शेवटी मीही हसलो. हसल्या नाहीत त्या आंटी. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला चहाच्या टेबलामागे गाठलं. चेहरा गंभीर.

"भाईसाहब, अजमेर में मेरी ननद को पता है. कोटा में जेठ जी को पता है. बीकानेर वालों ने तो अपने समधियों तक को बता रखा है. अब मैं किस-किस को फ़ोन करके वापस लूँ?"

"पर आंटीजी, मैं क्या कर सकता हूँ?"

"आप सीख लीजिए," आंटी म्हणाल्या. जणू मला जिलबी करायला शिकायची होती!

मी घरी येऊन ही गंमत सांगितली. वंदना हसेल असं मला वाटलं होतं. पण सायलीने तोवर मोबाइलवर शोधलंही होतं. "पप्पा, इथून एक-सवा घंट्यावर फ्लाइंग क्लब आहे! पन्नाशीवाले पण येतात. पहिले ट्रायल लेसन असते, मतलब खरंच विमान हातात देतात."

आणि खोटं कशाला सांगू, त्या दोन वेण्यांच्या पोरीचा प्रश्न माझ्या डोक्यात अडकून बसला होता. खरंच, वळतं कसं? खाली रूळ नाही, बाजूला सिग्नल नाही, स्टेशनच्या केबिनमध्ये बसून गाडी वळवून देणारा माणूस नाही. मग माणूस कुठून कुठे जातो तरी कसा?

"शिकून घ्या नं," वंदना म्हणाली. "पण आधी स्कुटी शिका. जमिनीवर वळता येत नाही अन् आभाळात वळायला निघाले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत माझं स्कुटी-प्रशिक्षण सुरू झालं. सुरुवात उत्तम झाली. सरळ रस्ता, हातात वेग, मन प्रसन्न. मग समोर भाजीचा ठेला आला. आता पंचवीस वर्षांची सवय अशी आहे की समोर काही आलं तर मी लांब हॉर्न देतो आणि तसाच सरळ जातो. बाजूला होणं हे समोरच्याचं काम! ठेलेवाल्याला हे समजलं, त्याने जीव खाऊन ठेला ओढला. पुढे गाय होती, तिलाही समजलं. त्यापुढे आंटींच्या फाटकाबाहेर हिवाळ्यात काढून ठेवलेला कूलर होता.

कूलरला काही समजलं नाही.

"हँडल! हँडल वळवा!" वंदना मागून धावत ओरडत होती.

"हॉर्न दिला होता मी!" कूलरच्या आतून मी उत्तर दिलं.

आंटी बाहेर आल्या, गवताच्या जाळीत अडकलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोई बात नहीं. ज़मीन पर भीड़ बहुत होती है. ऊपर ठीक रहेगा."

फ्लाइंग क्लबच्या ऑफिसात मी सायलीला घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने उठून तिला खुर्ची दिली, माहितीपत्रक दिलं, चहा सांगितला. "बहुत अच्छा किया सर, बच्ची को लाए."

"सीखना मुझे है," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, सायलीकडे पाहिलं. "आप बैठिए सर. पहले पानी पीजिए."

उड्डाणाआधी तासभर वर्गात बसायचं होतं. वर्गात सगळी कोवळी मुलं. मी दारातून आत गेलो तशी सगळी ताडकन उभी राहिली. "गुड मॉर्निंग, सर!" आता एवढी मुलं उभी आहेत म्हटल्यावर मी काय करणार? "बैठिए, बैठिए," म्हणालो आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. मग खऱ्या शिक्षिका आत आल्या तेव्हा कुणीच उभं राहिलं नाही.

ही कॅप्टन शेखावत. सायलीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. घट्ट वेणी, काळा गॉगल आणि आवाज इतका शांत की आपण कशालाही घाबरतोय याचीच लाज वाटावी. तिने माझे डोळे वगैरे तपासल्याचे कागद पाहिले आणि मान हलवली. "नज़र बहुत बढ़िया है, सर." (आमच्या नोकरीत नजरच बघतात. बाकी माणूस कसा का असेना!)

उड्डाणाचा रविवार ठरला. मला वाटलं होतं मी आणि सायली गुपचूप जाऊन येऊ. पण सकाळी भाड्याच्या गाडीत बसताना पाहतो तर गाडी भरलेली! सायली, भरताचा डबा घेतलेली वंदना, लाल, नागमोडी पट्ट्यांच्या लहरियाची नवीकोरी ओढणी घेतलेल्या माथुर आंटी (त्या अजमेर, कोटा आणि बीकानेरच्या वतीने आल्या होत्या) आणि माझी आई. आई थंडीपुरती नागपूरहून आमच्याकडे आली होती. येताना पोतंभर संत्री आणली होती आणि जिथे जाईल तिथे पिशवीत दहा-बारा घेऊन जायची.

विमान पाहिल्यावर आई थबकली. पिवळी पट्टी असलेलं, चार सीटचं, एकाच पंख्याचं, उन्हात टोळासारखं उभं होतं.

"बाप्पा! हे तं आपल्या ऑटोपेक्षाही लहान हाये रे, सुध्या!"

कॅप्टन म्हणाली, "पीछे एक जन बैठ सकते हैं. लेकिन वज़न देखना पड़ेगा."

आंटी पुढे सरसावल्या. कॅप्टनने विचारलं, "मैम, वज़न?" आंटींनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. कॅप्टनने ऑफिसच्या दाराजवळच्या काट्याकडे बोट दाखवलं. आंटी काट्यावर चढल्या. काटा आंटींपेक्षा प्रामाणिक निघाला. "यह पुराना है," आंटी उतरत म्हणाल्या.

"मी नाही चढणार त्याच्यावर," वंदनाने आधीच जाहीर केलं. "मी इथं बघायला आली, मोजून घ्यायला नाही."

सायली चढली, पण माझ्याकडे पाहून कॅप्टनने कागदावर आकडेमोड केली आणि मान हलवली. माझं वजन एवढं होतं की मागे आता जेमतेम एखादं दप्तर मावलं असतं. "बस चालीस-बयालीस किलो तक," ती म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू बाकाकडे वळल्या. तिथे आई संत्रं सोलत बसली होती. वाळलेल्या काडीसारखी माझी आई, वय पंचाहत्तरीला टेकलेलं.

"मी?" आई म्हणाली. "मी तं डब्यावर लक्ष ठेवाले आली!"

पण डोळे चमकले होते. ती उठली, फोड तोंडात टाकली, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चाल. सीट बेल्ट हाये ना?"

आम्ही आत बसलो. कानांवर हेडसेट, तोंडासमोर माइक. माझ्या पुढ्यात गाडीच्या स्टिअरिंगसारखं अर्धं चाक होतं. ते पाहून मला धीर आला. कूलरचं नुकसान भरून काढायची हीच वेळ होती! कॅप्टन म्हणाली, चला, विमान धावपट्टीकडे न्या. मी चाक जोरात डावीकडे फिरवलं. विमान शांतपणे उजवीकडच्या गवतात निघालं.

"पैर से, सर. ज़मीन पर पैरों से मुड़ता है. हाथ वाला ऊपर के लिए है."

"पैरों से?" कुणी आधी सांगितलं असतं तर स्कुटी तरी वाचली असती!

"जी. दोनों पैडल. और पैडल का ऊपर वाला हिस्सा दबाएँगे तो ब्रेक लगेगा. और सर, अंगूठे के नीचे जो बटन है, वो रेडियो का है. उसे मत दबाइए, वरना आपकी आवाज़ नीचे ऑफिस के स्पीकर पर जाएगी."

आता इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या रेल्वे इंजिनात एक बटण असतं. ड्रायव्हरने ते दर मिनिटाला दाबायचं. नाही दाबलं, तर इंजिनाची समजूत होते की ड्रायव्हर झोपला किंवा वारला, आणि ते गाडी थांबवून टाकतं. त्यामुळे हाताखाली बटण आलं की माझा अंगठा माझं ऐकत नाही. मी ते दाबत होतो, हे मला स्वतःला ठाऊकच नव्हतं. आणि घाबरलो की दाबलेलं सोडतही नाही!

धावपट्टीपर्यंत आम्ही असे काही नागमोडी गेलो की मागून आईचा आवाज आला, "सुध्या, सकाळी सकाळी पिऊन आला का रे?"

मग कॅप्टनने वेग वाढवला. समोर शेतातल्या पंपघराचं हिरवं दार दिसलं आणि सिग्नल ओरडून सांगायच्या सवयीने माझा उजवा हात वर गेला. "प्रोसीड!" मी खणखणीत ओरडलो.

"क्या हुआ?" कॅप्टन दचकली.

"कुछ नहीं. सिग्नल हरा है."

आणि चाकांची खडखड एकदम थांबली.

हे मात्र चेष्टेत सांगता येत नाही. खडखडाट थांबला की आमच्या नोकरीत हात थेट ब्रेकवर जातो, कारण त्याचा अर्थ गाडी रुळांवर नाही. इथे तोच अर्थ होता आणि सगळं ठीक होतं! खाली मोहरीची पिवळी शेतं, लांब धुरकट टेकड्या, त्यापलीकडे आमेर असणार. रेल्वेचे रूळही दिसले. कुणीतरी जमिनीवर कंगव्याने भांग पाडावा तसे बारीक.

"अब आप मुड़िए, सर," कॅप्टन म्हणाली. "धीरे से. बाएँ."

मी चाक अगदी थोडं फिरवलं. डावा पंख खाली झुकला, उजवा वर गेला आणि सगळं क्षितिज, शेतं, टेकड्या, सूर्य, असं सावकाश फिरायला लागलं. मी फिरवलं होतं! पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा, मी स्वतःच्या मर्जीने डावीकडे वळलो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठा अर्थातच घट्ट दाबलेला होता.

मागे आई निवांत झाली होती. हेडसेटमध्ये आपलं बोलणं मुलाला स्पष्ट ऐकू जातं हे तिला कळलं होतं, आणि घरी अशी शांतपणे बोलायची संधी तिला कुठे मिळते?

"वंदीनं भरीत केलं हाये आज. मीठ जास्तच पडलं असंन पुन्हा."

वळणात रमलेला मी म्हणालो, "हो आई, खारटच असतं. सवय झाली आता."

"अन् ते माथुरीण! रस्ताभर बोलली न बाप्पा. थांबतच नाही."

"थांबतच नाही! ब्रेकच नाहीत ना!"

"आता परत जाताना पुन्हा तेच ऐका लागंन."

"हो ना. खाली उतरल्यावर आपलं काही खरं नाही."

आता खाली काय घडलं, ते मला सायलीने नंतर सांगितलं. ऑफिसात सगळे स्पीकरभोवती बसले होते. रेडिओवर जात होता तो फक्त माझा माइक. आई काय म्हणाली ते कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. पहिलं वाक्य आलं: 'खारटच असतं. सवय झाली आता.' वंदना पाटाइतकी सरळ बसली आणि तिने मांडीवरच्या डब्याचं झाकण हळूच दाबून लावलं.

मग दुसरं आलं: 'थांबतच नाही! ब्रेकच नाहीत ना!'

आंटींना मराठी येत नाही, पण 'ब्रेक' कळतं. "सायली बेटा, यह किसके बारे में बोल रहे हैं?"

सायलीला नेमकं कळलं होतं कुणाबद्दल ते. आजी आणि पप्पा दुसऱ्या कुणाबद्दल असं बोलत नाहीत! आंटींचं मन जपावं म्हणून पोरगी पटकन म्हणाली, "हवाई जहाज के बारे में, आंटी. मतलब, ब्रेक नहीं हैं."

आंटी उभ्या राहिल्या. तेवढ्यात तिसरं वाक्य आलं: 'खाली उतरल्यावर आपलं काही खरं नाही.'

"अब क्या कहा?"

"कहा कि... उतरने के बाद... कुछ ठीक नहीं है."

एवढं पुरे झालं. काउंटरवरच्या माणसाने रेडिओवर कॅप्टनला हाका मारल्या, पण माझा अंगठा बटणावर असल्यामुळे आम्हाला काही ऐकूच येत नव्हतं. त्याने भोंगा वाजवला. आग विझवायची नळकांडी टाकून जीप धावपट्टीवर निघाली. भोंगा ऐकून शेजारच्या शेतांतून माणसं धावली. आंटींनी आधी अजमेरला फोन लावला आणि बोलत बोलतच त्या धावपट्टीकडे पळत सुटल्या.

वर आम्ही संत्रं खात होतो.

"वापस चलते हैं," कॅप्टन म्हणाली. "मैं उतारूँगी. आप बस हाथ-पैर हल्के से रखिए, महसूस कीजिए." एवढ्यात तिची नजर माझ्या अंगठ्यावर गेली. तिने तो नुसता उचलून बाजूला ठेवला, लहान पोराच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा. "सर, आप यह कब से..."

त्याच क्षणी कानात काउंटरवाल्याचा आवाज फुटला, "...ब्रेक फेल! ब्रेक फेल! कैप्टन, सुन रही हैं?"

"ब्रेक ठीक हैं," ती शांतपणे म्हणाली. "रनवे साफ़ रखिए."

जीप बाजूला झाली. कॅप्टनने विमान इतकं अलगद टेकवलं की आईच्या हातातली साल पडली नाही. सगळं सुरळीत झालं असतं. पण धावपट्टीच्या कडेला माथुर आंटी उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, आपली नवीकोरी लाल ओढणी काढली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर फडकवली!

वाचकहो, तुम्ही रेल्वेत नसाल तर तुम्हाला कळणार नाही. रुळाच्या कडेला कुणी लाल कापड हलवलं की ड्रायव्हर विचार करत नाही. विचार करणारे ड्रायव्हर रेल्वे ठेवतच नाही. माझा हात ब्रेकचं हँडल शोधू लागला, ते सापडेना, पण पायांना आठवलं. पॅडलचा वरचा भाग! मी दोन्ही पाय, पंचवीस वर्षांची नोकरी आणि माझं अख्खं वजन त्यावर टाकलं.

विमान किंचाळलं, गर्रकन वळलं (वळायला मी शिकलोच होतो!), धावपट्टी सोडून खाली उतरलं आणि मोहरीच्या शेतात कमरेइतक्या पिवळ्या फुलांत जाऊन थांबलं. पंखा थांबला.

"ब्रेक हैं," कॅप्टन शेखावत समोर बघत म्हणाली. "ब्रेक बहुत अच्छे हैं."

"आई, लागलं का गं?" मी मागे वळून विचारलं.

"नाही रे. पण हे गाडी नागपूरलेही जाते का?"

कुणाला खरचटलंही नव्हतं. विमानाचं एक टायर फुटलं होतं, तेवढंच. आम्ही फुलांत उतरलो, तोवर जीप आली. त्यातल्या माणसाला सांगितलं की आग नाही, धूर नाही, पण तो एवढ्या लांब आला होता, त्याने नळकांडं उघडून थोडा फेस माझ्या बाजूला मारलाच. पाठोपाठ आंटी धापा टाकत पोचल्या आणि फेसासकट माझे दोन्ही हात धरले. "बिना ब्रेक के उतार दिया! गजभैया जी, बिना ब्रेक के!" मी तोंड उघडलं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पलीकडे अजमेरची सगळी नणंद मंडळी रडत होती. मी "धन्यवाद जी," म्हणालो.

वंदना सगळ्यांच्या मागून, सावकाश आली. माझ्या केसांत मोहरीची फुलं, नाकावर फेस.

"लागलं का कुठं?" तिने विचारलं.

"नाही गं."

"नक्की?"

"नक्की."

तिने एक मोठा श्वास सोडला. मग बांधावर बसून डबा उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. "घ्या. भरीत खा. खारट आहे. सवय आहे नं तुम्हाला?"

मी खाल्लं. सगळं खाल्लं. आई सायलीच्या आडून पाहत होती. तिने बिचारीने त्या दिवशी भूकच नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कॅप्टनचा फोन आला. माझ्या धड्यातली निम्मी वेळ अजून बाकी होती, टायर बदललं होतं, आणि ती वेळ घरातल्या कुणालाही वापरता येईल, असं ती म्हणाली. 'कुणालाही' या शब्दावर तिने जरा जास्तच भर दिला. मी सायलीकडे पाहिलं. सायलीने वंदनाकडे पाहिलं. वंदनाने पदर खोचला.

रविवारी वंदना पुढच्या सीटवर बसली आणि धावपट्टीपर्यंत रेघ मारावी तशी सरळ गेली. कॅप्टन एकदाच काहीतरी बोलली, तेही "शाबाश". टाकीत पेट्रोल कमी भरून मागे माझी सोय केली होती. मी मागच्या खिडकीला नाक लावून बसलो आणि हेडसेटसाठी हात पुढे केला. कॅप्टनने माझ्या तळव्यावर कापसाचे दोन बोळे ठेवले.

"हेडसेट?"

"मैडम ने मना किया है, सर."

मी गुपचूप कापूस कानात घातला. विमान उडालं, डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं, टेकड्यांपर्यंत जाऊन आलं आणि फुलासारखं खाली टेकलं. उतरल्यावर कॅप्टनने माझ्याशी हात मिळवला आणि मनापासून, खरंच मनापासून म्हणाली, "सर, आप पैसेंजर बहुत अच्छे हैं. इसी को आगे बढ़ाइए."